डाग आणि निवाडा

वस्त्रावर तांबूस डाग दिसला कीं पाहणाऱ्याचें मन स्वस्थ राहत नाहीं. डाग कशाचा आहे हें विचारण्याच्या आधींच तें उत्तर देऊन मोकळें होतें. याचें एक घरगुती उदाहरण तुम्हां सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. जेवतांना आमटीचा थेंब पांढऱ्या सदऱ्यावर सांडतो आणि हळदीचा पिवळा डाग पडतो. आई त्यावर साबण घांसते, तों पिवळा डाग पाहतां पाहतां तांबडा होतो. साबणांतील अल्कामुळें हळदीच्या रंगद्रव्याचा वर्ण पालटतो, इतकेंच. भरपूर पाण्यांत सदरा खळबळला कीं तांबडेपणा जाऊन पिवळेपणा परत येतो. परंतु नेमक्या त्या क्षणीं कोणी परका मनुष्य मोरीच्या दारांत उभा असला, तर त्यास तो सदरा रक्तानें माखलेला वाटेल, आणि तो तसें शपथेवर सांगेलहि.

डोळ्यांची साक्ष अशी कच्ची असते, म्हणून माणसानें रसायनशास्त्रास साक्षीला बोलाविलें. ही दुसरी साक्ष पहिलीपेक्षां पुष्कळ पक्की आहे, यांत संशय नाहीं. तथापि तीहि फसूं शकते. आणि तिला फसविणारीं द्रव्यें कोठें दूरदेशीं नसून आपल्याच मोरीच्या फळीवर, बाटल्यांत आणि पुड्यांत भरून ठेवलेलीं असतात. ती कशी फसते, आणि फसूं नये म्हणून शास्त्रज्ञ काय करतात, हें आज सांगण्याचा विचार आहे. विषय पोलिसांचा आणि न्यायालयाचा दिसला, तरी तो आपल्या वर्गाचा आणि घराचाहि आहे, हें पुढें ध्यानांत येईल.

वर्गांत आम्हीं एकदां सहज विचारलें, "रक्त ओळखावें कसें?" त्यावर मागील बांकावरून तत्काळ उत्तर आलें, "सर, औषध फवारायचं, दिवे घालवायचे, निळं चमकलं कीं रक्त!" हें ज्ञान क्रमिक पुस्तकांतून आलेलें नव्हतें. १९९८ सालीं सुरू झालेल्या 'सी. आय. डी.' या दूरचित्रवाणीवरील मालिकेंतल्या डॉ. साळुंखे यांनीं कितीएक मुलांस प्रयोगशाळेची गोडी लावली आहे, आणि त्याबद्दल आम्ही विज्ञानाचे शिक्षक त्यांचे ऋणीच आहोंत. पण मालिकेस भाग संपण्यापूर्वीं आरोपी धरावयाचा असतो. शास्त्रास तशी घाई करून चालत नाहीं.

प्रथम त्या चमकण्याचें मर्म समजून घेऊं. रक्ताचा तांबडा रंग हिमोग्लोबिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो, व त्या द्रव्याच्या पोटांत लोहाचा अंश असतो. रक्त ओळखण्याच्या बहुतेक झटपट कसोट्या रक्तास प्रत्यक्ष पाहत नाहींत. रक्तांतील हें लोहयुक्त द्रव्य जें काम करतें, तेवढें काम त्या पाहतात. हायड्रोजन पेरॉक्साइड नांवाचा एक द्रव औषधाच्या दुकानांत जखम धुण्यासाठीं मिळतो. त्यांतील प्राणवायु दुसऱ्या द्रव्याच्या पदरीं घालण्याची क्रिया रक्ताच्या सान्निध्यांत झपाट्यानें होते. तें दुसरें द्रव्य असें निवडतात कीं प्राणवायु मिळतांच त्यानें रंग बदलावा किंवा प्रकाश द्यावा. रंग दिसला, म्हणजे येथें रक्त असावें असा तर्क करावयाचा. अंधारांत पहारेकऱ्यानें येणाऱ्याचें तोंड न पाहतां केवळ पावलांच्या आवाजावरून त्यास ओळखावें, तसाच हा प्रकार आहे. तशींच पावलें टाकणारा दुसरा कोणी आला, तर पहारेकरी फसणारच.

या कसोट्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८६३ सालीं शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानें पेरॉक्साइडच्या फेसावरून रक्त ओळखण्याची युक्ति पुढें मांडली. त्याच सुमारास ग्वायकम नांवाच्या झाडाच्या राळेची कसोटी प्रचारांत आली. तुमच्या आवडत्या शेरलॉक होम्सची १८८७ सालीं प्रसिद्ध झालेली पहिली कथा ज्यांनीं वाचली असेल, त्यांस आठवेल कीं डॉ. वॉटसनची आणि त्याची पहिली भेट प्रयोगशाळेंत होते, आणि त्या वेळीं होम्स हर्षानें नाचत असतो. हिमोग्लोबिनखेरीज दुसऱ्या कशासहि वश न होणारें एक द्रव्य आपणांस सांपडलें, असें त्याचें म्हणणें असतें. ग्वायकमची जुनी कसोटी भरंवशाची नाहीं अशी त्याची तक्रार होती, व ती खरी होती. त्याचें तें नवें द्रव्य मात्र कथेंतच राहिलें.

खऱ्या प्रयोगशाळांनीं निराळे मार्ग काढले. कॅसल यानें १९०१ सालीं व मायर यानें १९०३ सालीं जी कसोटी बसविली, ती आजहि जगभर चालते. आपण आम्ल व अल्क ओळखण्यासाठीं जें फिनॉल्फ्थॅलीन वापरतों, त्याचेंच एक रंगहीन केलेलें रूप त्या कसोटींत घेतात. रक्त व पेरॉक्साइड यांची गांठ पडतांच तें गुलाबी होतें. पुढें १९२८ सालीं ल्युमिनॉल नांवाच्या द्रव्याचा निळा प्रकाश अल्ब्रेख्त यानें वर्णिला, आणि १९३७ सालीं जर्मनींतील वाल्टर स्पेख्ट यानें तो रक्ताच्या शोधासाठीं वापरण्याचा मार्ग दाखविला. मागील बांकावरील विद्यार्थ्याचें 'औषध' तें हेंच. तें इतकें संवेदनशील आहे कीं पुसून, धुऊन डोळ्यांस अदृश्य झालेला रक्ताचा अंशहि फरशीच्या सांध्यांतून त्यास उत्तर देतो.

आतां मोरींतील फळीकडे वळूं. आम्ही राहतों त्या उस्मानपुऱ्याची वस्ती दाट आहे. एकीकडे संत एकनाथ रंगमंदिराची वर्दळ, दुसरीकडे स्टेशनच्या रस्त्यावर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि मध्यें गल्लीगल्लींतून चढलेलीं घरें. पैठणच्या नाथसागराचें पाणी शहरास मिळतें खरें. पण गेलीं कित्येक वर्षें तें नळास रोज न येतां दिवसांच्या अंतरानें येत आलें आहे. म्हणून घरोघर टाक्या, पिंपें आणि हंडे भरलेले असतात. टाकी घांसावयास, मोरीचा बुळबुळीतपणा घालवावयास, पांढरे कपडे उजळावयास ब्लिचिंग पावडरीचा पुडा किंवा ब्लीचची बाटली बहुतेक घरीं आढळते. हीं द्रव्यें उपयुक्त आहेत, आणि रोगजंतूंच्या नाशासाठीं तीं वापरणें योग्यच आहे.

पण या द्रव्यांचें बळ कशांत आहे? त्यांत हायपोक्लोराइट नांवाचा पदार्थ असतो, व तो जात्याच दुसऱ्या द्रव्यांचें ऑक्सिडीकरण करणारा आहे. रक्त मध्यस्थ होऊन पेरॉक्साइडकडून जें काम करवून घेतें, तें काम ब्लीच कोणाच्याहि मध्यस्थीवांचून स्वतःच उरकतें. त्यामुळें नुकत्याच ब्लीचनें धुतलेल्या मोरींत ल्युमिनॉल फवारलें, तर रक्ताचा एक थेंबहि नसतां ती मोरी निळ्या प्रकाशानें उजळून निघते. जी गृहिणी सर्वांत दक्ष, तिची मोरी सर्वांत संशयास्पद, असा हा विचित्र न्याय होतो!

फसविणारें ब्लीच एकटेंच नव्हे. तांब्याच्या हंड्यावर चढणारा हिरवा कळंक, कांहीं प्रकारचे रंग आणि लोखंडाचा गंज यांनींहि ल्युमिनॉलला भ्रम होतो. बटाटा, मुळा यांसारख्या भाज्यांच्या रसांत पेरॉक्साइडवर क्रिया करणारीं द्रव्यें निसर्गानेंच घातलेलीं आहेत. म्हणजे भाजी चिरण्याची विळी, घांसलेला हंडा आणि धुतलेली मोरी, या तिन्ही निरपराध वस्तु अंधारांत आरोपीच्या पिंजऱ्यांत उभ्या राहूं शकतात.

हा केवळ पुस्तकी विचार नव्हे, याचा प्रत्यय आम्हांस गेल्या पावसाळ्यांत शाळेंतच आला. शाळेच्या आवारांत सशांचें एक खुराडें आहे, आणि खालच्या वर्गांतील मुलांचा त्यांवर फार जीव. एके दिवशीं सकाळीं एक ससा मरून पडलेला आढळला; अंगावर जखमा होत्या. मुलें हळहळलीं, मग संतापलीं, आणि संतापलेल्या मनास कोणी तरी दोषी हवाच असतो. त्याच दिवशीं आठवीच्या वर्गांतील एक मुलगा सदऱ्याच्या बाहीवर तपकिरी डाग घेऊन आला. आदल्या दिवशीं खुराड्यास पाणी घालण्याची पाळी त्याची होती. एवढें पुरे झालें.

त्याच आठवड्यांत आम्हीं वर्गांत एक प्रयोग दाखविला होता. कांचेच्या नळ्यांत बकऱ्याच्या काळजाचा तुकडा, बटाट्याची फोड आणि साधें पाणी घेऊन प्रत्येकींत पेरॉक्साइडचे थेंब सोडले. पहिल्या दोहोंत फेस उसळला, पाण्यांत कांहीं झालें नाहीं. मुलांनीं त्यांतील काळजाची नळी तेवढी लक्षांत ठेवली, व बटाट्याची सोयीस्करपणें विसरलीं. मधल्या सुटींत चार जणांनीं त्या मुलास घेरलें, प्रथमोपचाराच्या पेटींतील पेरॉक्साइडची बाटली आणली, आणि डागावर थेंब सोडला. बारीक बारीक बुडबुडे आले. झालें! "रक्त आहे! यानंच मारलं!" असा गलका उठला. आम्ही तेथें पोहोंचलों तेव्हां तो मुलगा भिंतीस टेंकून उभा होता, आणि "सर, मी नाही काही केलं," एवढेंच पुनः पुनः म्हणत होता. इतर मुलें त्याच्यापासून चार हात दूर सरलीं होतीं. तेवढें अंतर त्या वयांत किती मोठें असतें, हें शिक्षकास सांगावें लागत नाहीं.

आम्हीं कोणास रागें भरलों नाहीं. बाटली हातीं घेतली आणि विचारलें, "डागावर थेंब टाकलात; जेथें डाग नाहीं तेथें टाकून पाहिलात काय?" कोणीं पाहिलें नव्हतें. मग त्याच सदऱ्याच्या दुसऱ्या, स्वच्छ बाहीवर थेंब सोडला; तेथेंहि बुडबुडे आले. कॉलरच्या शिवणीवर सोडला, तेथें तर डागाहूनहि अधिक आले. नंतर बाटली आणणाऱ्या मुलाच्याच बाहीवर एक थेंब सोडला. तेथें कांहींच झालें नाहीं. आतां मुलांचे डोळे उघडले. कापड म्हणून फेस येत नव्हता, आणि डाग म्हणूनहि येत नव्हता. त्या सदऱ्यांत सर्वत्र पसरलेलें असें कांहीं तरी होतें.

तें काय, याचा उलगडा त्या मुलानेंच केला. त्याची आई चार घरीं धुणींभांडीं करते. नळास बरेच दिवस पाणी आलें नव्हतें. गणवेश पांढरा शुभ्र दिसावा म्हणून तिनें तो ब्लिचिंग पावडरींत भिजविला, आणि उरल्या एका बादलींत जेवढा खळबळतां आला तेवढा खळबळला. पावडरीचा अंश शिवणींत राहून गेला, व पेरॉक्साइड पडतांच त्यांतून प्राणवायु सुटूं लागला. तपकिरी डाग होता तो वाळत घालण्याच्या गंजक्या तारेचा. बाहीची घडी तारेवर जेथें बसली, तेथेंच तो सरळ रेघेसारखा उमटला होता. दुसऱ्या दिवशीं तो सदरा प्रथम साध्या पाण्यांत दोनतीनदां चांगला खळबळून, नंतर लिंबू व मीठ लावून उन्हांत ठेवला, तेव्हां डाग फिका पडत गेला. गंज लिंबाच्या आम्लानें विरघळतो, हेंहि मुलांस आयतेंच पाहावयास मिळालें.

ती माता शाळेंत आली तेव्हां ओशाळून म्हणाली, "सर, पाणी पुरलं नाही हो, नाहीतर मी असा सदरा घालून पाठवला नसता." आम्हीं तिला सांगितलें, "ताई, यांत तुमच्याकडे कांहीं उणेपणा नाहीं. एवढ्याशा पाण्यांत मुलास शुभ्र गणवेश घालून शाळेंत धाडलात, हें आम्हां सर्वांस दिसतें आहे." मुलांपैकीं ज्याच्या हातीं बाटली होती, तो कोणी न सांगतां तिच्या पायां पडला.

पण त्याच दिवशीं एका चुणचुणीत मुलानें जो प्रश्न विचारला, तो आमच्या मनांत अजून आहे. "सर, यानं मारलं नाही हे पटलं. मग मारलं कुणी?" प्रश्न स्वाभाविक होता, त्याचें उत्तर मात्र तेव्हां कोणाजवळ नव्हतें. आम्हीं एवढेंच म्हटलें, कीं खरा दोषी हातीं लागेपर्यंत हातीं लागलेल्यास दोषी मानावें असा कोठलाहि न्याय नाहीं. एकाची सुटका होण्यास दुसऱ्याचा बळी लागत नाहीं. खुराड्याच्या जाळीस खालच्या बाजूनें भगदाड पडलें होतें, तें त्याच संध्याकाळीं मुलांनीं तारेनें विणून बंद केलें.

आपल्या अंगणांत जें घडलें, तेंच मोठ्या प्रमाणावर घडूं नये म्हणून तज्ज्ञांनीं नियम बांधलेले आहेत. कॅसल व मायर यांच्या कसोटींत थेंबांचा क्रम ठरलेला असतो. डाग टिपलेल्या कागदावर अगोदर ते रंगहीन फिनॉल्फ्थॅलीन सोडतात, आणि थांबतात. याच वेळीं गुलाबी रंग आला, तर पेरॉक्साइड पडण्यापूर्वींच कोणी तरी काम उरकलें, असा त्याचा अर्थ. तेव्हां तेथें ब्लीचसारखें द्रव्य असावें असा संशय धरतात, आणि तो रंग रक्ताच्या पुराव्यांत मोजीत नाहींत. रंग आला नाहीं, तरच पेरॉक्साइडचा थेंब सोडतात, आणि मग कांहीं क्षणांतच गुलाबी रंग उमटला तर तो विचारांत घेतात. उशीरां आलेला रंग धरीत नाहींत, कारण नुसत्या हवेनेंहि तें द्रव्य कालांतरानें गुलाबी होतें. पाहा, केवळ दोन थेंब मागेंपुढें टाकण्यांत केवढें शहाणपण भरलेलें आहे!

ल्युमिनॉलच्या बाबतींतहि असेंच. ब्लीचचा प्रकाश एकदम लखलखतो व झट्दिशीं मावळतो, रक्ताचा त्या मानानें मंद व टिकाऊ असतो, हा फरक सरावलेल्या डोळ्यांस कळतो. शिवाय ब्लीच हवेंत वाळून पडलें म्हणजे कालांतरानें त्याचा जोर ओसरतो, म्हणून थांबून पुन्हा पाहण्याचाहि उपाय आहे. डागाबरोबरच शेजारच्या बिनडागी जागेचाहि नमुना घ्यावा, हा नियम तर सर्वत्र सारखा आहे. आम्ही त्यास वर्गांत 'कोरा नमुना' म्हणतों.

आणि एवढेंहि करून, या सर्व कसोट्यांस तज्ज्ञ 'सूचक' कसोट्या म्हणतात, 'निर्णायक' म्हणत नाहींत. निर्णयासाठीं पुढच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सूक्ष्मदर्शकाखालीं रक्ताचे विशिष्ट स्फटिक पाडून पाहण्याच्या रीति आहेत. त्यांतील एक टाइकमन यानें १८५३ सालीं व दुसरी जपानच्या टाकायामा यानें १९१२ सालीं सांगितली. रक्त मनुष्याचें कीं पशूचें, हें ओळखण्याची किल्ली जर्मनींतील पाउल ऊलेनहूट यानें १९०१ सालीं शोधली. त्याच वर्षीं तेथील र्‍यूगन बेटावर दोन लहान मुलांचा खून झाला. संशयित सुतार होता; अंगावरील डाग लांकडास लावण्याच्या रंगाचे आहेत, असें तो सांगे. ऊलेनहूटनें त्याच्या कपड्यांवरील डाग तपासले, आणि कांहीं ठिकाणीं मेंढीचें व कांहीं ठिकाणीं मनुष्याचें रक्त असल्याचें दाखवून दिलें. म्हणजे सावधपणा हा गुन्हेगारास पाठीशीं घालण्याचा बहाणा नव्हे. ज्या धीमेपणानें निरपराध्याची सुटका होते, त्याच धीमेपणानें खऱ्या गुन्हेगाराचीहि सबब उघडी पडते.

आपल्या राज्यांत हें काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा करतात. त्यांचें मुख्य ठिकाण मुंबईस कलिना येथें असून आपल्या छत्रपती संभाजीनगरांतहि प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. पोलीस पंचनामा करून मुद्देमाल सीलबंद पाठवितात, व तेथून जो अहवाल येतो त्यास कोर्टकचेरींत 'सी. ए. रिपोर्ट' म्हणतात. पूर्वीं रक्त मनुष्याचें आहे काय हें ठरविण्यासाठीं मुंबई इलाख्यांतील मुद्देमाल थेट कलकत्त्यास सरकारी सीरमतज्ज्ञाकडे जात असे. त्या जुन्या व्यवस्थेंतील मुंबई राज्याच्या एका खून खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जें सांगितलें, तें १९५६ सालच्या निवाड्यांच्या संग्रहांत छापलेलें आहे. प्रत्येक वस्तूवर रक्ताचे डाग किती आणि प्रत्येक डाग केवढा, हें सांगणें रासायनिक परीक्षकाचें कर्तव्य आहे. डाग अतिसूक्ष्म किंवा अगणित असतील तरच त्यास सूट, असा त्याचा आशय आहे. 'रक्त आढळलें' एवढ्या दोन शब्दांवर माणसाचा जीव टांगूं नये, हेंच त्यामागील तत्त्व. १९८१ पासून आपल्या शहरांतहि उच्च न्यायालयाचें खंडपीठ बसतें, आणि असे अहवाल तेथें वकील ओळीओळीनें तपासतात.

नव्या कायद्यानें तर या शास्त्राचें महत्त्व फारच वाढविलें आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणें, सात वर्षें किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानें स्वतः जागेवर जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. राज्यांस ही व्यवस्था उभारण्यासाठीं पांच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. इतक्या तज्ज्ञांची गरज पुढें लागणार. ते कोठून येतील? आज जीं मुलें विज्ञानाच्या तासास खिडकीबाहेर पाहत बसतात, त्यांच्यांतूनच यावयाचे आहेत.

येथवर आम्हीं रक्त नसतां दिसणाऱ्या रक्ताची गोष्ट सांगितली. याच्या उलटहि घडतें. स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २००९ सालीं असें प्रसिद्ध केलें, कीं प्राणवायु सोडणाऱ्या कांहीं आधुनिक धुलाई-चूर्णांनंतर रक्त असूनहि नेहमींच्या सूचक कसोट्या मुक्या राहतात. हें वाचून कोणास वाटेल, कीं मग गुन्हेगाराचें फावलें! तसें नाहीं. त्याच संशोधकांनीं पुढें दाखविलें, कीं अशा धुतलेल्या डागांतूनहि डी. एन. ए. मिळवितां येतें, आणि तें माणसाची ओळख पटवितें. एक साक्षीदार मुका झाला, तरी दुसरा बोलतो. यावरून शिकावयाचें तें इतकेंच, कीं चमक दिसली म्हणजे दोष सिद्ध झाला नाहीं, आणि चमक दिसली नाहीं म्हणजे निर्दोषताहि सिद्ध झाली नाहीं. तज्ज्ञास दोन्ही बाजूंनीं आपला लोभ आवरावा लागतो.

ओघांत पालकांस, विशेषतः मातांस, एक सूचना करणें अवश्य वाटतें. ब्लीच किंवा ब्लिचिंग पावडर संडास धुण्याच्या आम्लाशीं, लिंबाशीं किंवा व्हिनेगारशीं कधींहि एकत्र करूं नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो, आणि बंद मोरींत त्यानें जीव गुदमरतो. अमोनिया असलेल्या कांच पुसण्याच्या द्रवाशींहि त्याची गांठ पडूं देऊं नये. वर गंजाचा डाग काढतांना सदरा आधीं साध्या पाण्यांत खळबळला, तो याच कारणास्तव. एकाचा वापर झाल्यावर जागा पाण्यानें पूर्ण धुवावी, खिडकी उघडी ठेवावी, व बाटल्या मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा उंच जागीं ठेवाव्या. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलींत हीं द्रव्यें भरून ठेवण्याची संवय पुष्कळ घरीं आहे; ती आजच सोडावी. आणि विद्यार्थ्यांनीं पेरॉक्साइडचे प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीवांचून करूं नयेत, हेंहि येथेंच बजावून ठेवतों.

आमच्या प्रयोगशाळेंत या वर्षापासून प्रयोगवहीच्या प्रत्येक पानावर एक नवा रकाना आंखला जातो. 'काय केलें' आणि 'काय दिसलें' हे दोन रकाने पूर्वींपासून आहेत. तिसऱ्याचें शीर्षक आहे, 'जें शोधीत होतों तें नसतें तरी हेंच दिसलें असतें काय?' हा रकाना भरल्यावांचून आम्ही वहीवर सही करीत नाहीं. आरंभीं मुलें कुरकुरलीं, आतां कांहीं जणांस त्याची इतकी संवय झाली आहे, कीं मैदानांतल्या भांडणांतहि ते परस्परांस विचारतात, "तुझा कोरा नमुना कुठंय?" पालकांनीं वही पाहतांना हा तिसरा रकाना अवश्य वाचावा, आणि तो रिकामा आढळल्यास मुलास पुन्हा आमच्याकडे पाठवावें, एवढी विनंती करून लेखणी खालीं ठेवतों.